तासाला एक चाल

"आधी रीडिंग सांग, मग घोडा."

"काका, घोडा आत्ता सांगतो आणि रीडिंग घेऊन येतो की. पॅनेल काय पळून चाललंय?"

"पॅनेल नाही पळत, तूच पळतोस झोपेच्या गावाला. ऊठ. मी फोन धरून बसलोय."

रात्रीचे दोन वाजलेले. मी शिव्या पुटपुटत उठायचो, पायांत चपला सारायचो, पॅनेलपुढे उभा राहून काट्याकडे बघायचो आणि परत येऊन फोन उचलायचो. "एकशे चौतीस, काका." पलीकडून पेन्सिल खरडल्याचा आवाज यायचा. मग एक लांब "हंऽऽ" आणि, "आता बोल. कुठं नाचवतोस घोडा?"

हे सत्याऐंशी सालचं. मी सावरटाकळीच्या वीज सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. वय चोवीस, नोकरीला चौदा महिने, अजून कायम व्हायचा होतो. शेषराव धांडेकाका बेचाळीस किलोमीटरवर, गोंदाळ्याच्या सबस्टेशनला. माझ्याकडून निघालेली लाइन थेट त्यांच्याकडे जायची, मध्ये एकही फाटा नाही. त्याच तारांवरून आमचा आतला फोन चालायचा. त्याला बिल नव्हतं, रात्री कुणी ऐकायला नव्हतं, आणि म्हणून आम्ही जगलो असं मी आजही म्हणतो. कारण ऑपरेटरचं काम म्हणजे काय, तर दर तासाला उठायचं, काटे बघायचे, आकडे लॉगबुकात लिहायचे. पुढची पंचावन्न मिनिटं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

ज्याची त्याची सोय होती. आमच्याकडच्या मगर ऑपरेटरच्या बायकोची खानावळ होती. तो घरून पोतं आणायचा आणि रात्रभर लसूण सोलायचा. आमच्या लॉगबुकाला कायम लसणाचा वास. दुसरे एक जोशी होते, ते जळक्या फ्यूजच्या तारांची देवळं करायचे, कळसाबिळसासकट. आमचा रविवार गुरुवारी यायचा, दिवाळी ड्युटीवर, आणि सख्ख्या मामेभावाच्या लग्नात मी पोचलो तेव्हा मांडववाला बांबू उपटत होता. बाकी जग झोपलेलं असताना जागायचं आणि जग मजा करत असताना काटे बघायचे, असला तो धंदा. पण खरं सांगू? आयुष्यात तसे दिवस परत आले नाहीत.

माझी सोय सुरुवातीला एकच होती: झोप. त्यासाठी मी एक युक्ती केली होती. तीन, चार आणि पाचची रीडिंगं दोनलाच अंदाजानं लिहून टाकायची आणि टेबलावर आडवं व्हायचं. श्रावणातल्या एका रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी लाइन बंद पडली. मी घोरत होतो. सकाळी आमचे नांदूरकर साहेब आले, लॉगबुक उघडलं, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले. चार वाजता लाइन मेलेली, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात त्या लाइनवर एकशे चाळीस अँपिअर.

"इंगोले," साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाची नाडी लागली की हो तुम्हाला!"

मेमो मिळाला. पुन्हा असं झालं तर कायम करणं राहिलं, घरी जा. त्या रात्री लाइन बंद पडल्यावर फोन करकरून थकलेले काका दुसऱ्या रात्री फोनवर आले. तोवर आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

"बुद्धिबळ येतं का रे?"

"येतं थोडं."

"मग तासाला एक चाल. तू एक, मी एक. पण रीडिंगशिवाय चाल नाही. पॅनेलपुढं जाऊन बघितलेलं सांगायचं, अंदाजपंचे नाही. बघू कसा झोपतोस."

असा आमचा डाव सुरू झाला. एकेक डाव सरायला आठवडा-दहा दिवस लागायचे. घरी गेलो तरी डोक्यात तेच. आई म्हणायची, हा पोरगा जेवताना बोटानं ताटात काय ढकलतो कुणास ठाऊक! काका फोनवर बोलायचे मोजकं, पण त्यात सगळं यायचं. काकूंचे गुडघे, लेक मालूचा अभ्यास, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "एकतीस मार्चला अठ्ठावन्न पूर्ण. त्या दिवशी सकाळच्या ड्युटीची सही करायची, खुर्चीला नमस्कार करायचा आणि मोकळं व्हायचं. क्वार्टर तोवर आहे, मालूची बारावीपण मार्चातच. तीस वर्षांत एक मेमो नाही, प्रल्हादा. एवढं पदरात घेऊन जाऊ दे, मग काय व्हायचं ते होवो."

मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला कसली एवढी धास्ती? चार-सहा महिने तर उरलेत.

त्यांनी त्यांच्या साहेबांना सांगून आपली पाळी माझ्या पाळीशी जुळवून घेतली होती. मी रात्री, तर तेही रात्री. मी सकाळी, तर तेही सकाळी. मी रजेवर गेलो की ते कुरकुरायचे. मला काय वाटायचं सांगू का, अंगावर मूठभर मांस चढायचं! एवढा जुना, अख्ख्या विभागात ज्याच्या लॉगबुकाचं उदाहरण देतात असला माणूस, आणि त्याला माझ्याशिवाय करमत नाही!

दिवाळीच्या पाडव्याच्या रात्री माझी जरा गंमत झाली. चार दिवसांचं जागरण. डोळे उघडत नव्हते. पॅनेलवर एकशे अठ्ठावीस होते आणि मी फोनवर बोलून गेलो, "एकशे ब्याऐंशी." काका म्हणाले, "दिवाळीचा लोड आहे बाबा," आणि आपला हत्ती सरकवला. लॉगबुकात लिहिताना माझी चूक माझ्या लक्षात आली. तिथं मी एकशे अठ्ठावीसच लिहिलं आणि मनाशी हसलो.

नोव्हेंबरअखेर मी ठरवलं, आता ह्या माणसाला बघायचंच. मगरला गळ घातली, रविवारी माझी सकाळची ड्युटी तू कर. तो म्हणाला, लसूण सोलायला मदत करशील तर करतो. दीड किलो सोलला. आणि एकोणतीस तारखेला, पिशवीत कोरा लाकडी बुद्धिबळाचा पट घेऊन, मी सकाळच्या एसटीनं गोंदाळ्याला उतरलो.

काका सबस्टेशनच्या दारातच उभे होते. उंच, वाळके, डोक्याला मफलर. मी पुढं झालो तरी त्यांनी ओळख दिली नाही. "काका," म्हटलं मात्र, चेहरा उजळला. "अरे प्रल्हादा! ये, ये!" आणि माझा खांदा चाचपून घट्ट धरला.

आत पट मांडला. सोंगटी उचलण्याआधी ते दोन बोटांनी तिचं डोकं चाचपायचे. मला वाटलं, नवीन पट आहे, कौतुकानं हात लावत असतील. दहा वाजले. काकांनी फोन उचलला. "कोण, मगर का? काय रीडिंग आहे रे तुझ्याकडं? एकशे सोळा? बरं." फोन ठेवला, टेबलावरचा दिवा ओढला, लॉगबुक नाकापाशी नेलं आणि लिहिलं, एकशे सोळा.

मी पॅनेलकडं बघितलं. ते आमच्यापासून सहा पावलांवर होतं. काका त्या बाजूला वळलेसुद्धा नव्हते.

 ते पाणी आणायला गेले तेव्हा मी लॉगबुकाची पानं मागं उलटली. पाडवा. रात्रीचे तीन. देखण्या अक्षरात लिहिलेलं होतं: एकशे ब्याऐंशी.

लाइन एकच, दोन टोकं. जो आकडा माझ्याकडे, तोच त्यांच्याकडे. तासाला एक चाल, आणि रीडिंगशिवाय चाल नाही. बोंबला! मी समजत होतो, म्हातारा मला जागं ठेवतोय. ठेवतही होता, ते खोटं नाही. पण ह्या माणसाला काटे दिसतच नव्हते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात हनीफभाई आला. लाइनमन. पस्तिशीचा, पट्ट्यात पक्कड खोचलेली, हसरा. "काका, गावाच्या फीडरवर इथल्या पहिल्याच खांबाची चिनीमातीची चिमणी फुटलीय. परमिट द्या, चढतो."

फीडर म्हणजे गावात वीज नेणारी लाइन, चिमणी म्हणजे खांबावर तार जिच्यावर बसते ती. आणि परमिट म्हणजे, लाइन बंद आहे, खुशाल चढ, असं ऑपरेटरनं लिहून देणं. त्याआधी आतून लाइन बंद करायची, मग बाहेर यार्डात जाऊन उंचावरची, लाइन तोडणारी तिन्ही पाती हँडल फिरवून उघडायची, आणि ती उघडली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आतल्या बटणाच्या भरवशावर कुणी कुणाचा जीव टांगत नाही. हा आमच्यातला पहिला धडा.

काकांनी आतलं बटण दाबलं. आम्ही तिघं यार्डात गेलो. काकांनी हँडल फिरवलं, मान वर केली, कपाळाला हात लावून उन्हात बघितलं. "उघडलं," म्हणाले, आणि परमिटच्या वहीवर सही करायला पेन काढलं. हनीफभाई शिडीकडे निघालासुद्धा.

मी वर बघत होतो. दोन पाती उघडली होती. मधलं बसलेलंच होतं.

"थांबा हनीफभाई!" माझा आवाज चिरकला. "काका, मधलं पातं अडकलंय."

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "दिसलं मला. तुझं लक्ष आहे का बघत होतो."

हनीफभाई हसला. "काय काका, पाहुण्याची परीक्षा घेता होय!" हँडलला दोन हिसके दिले, पातं खाडकन उघडलं आणि तो शिडी चढून गेला.

आत आल्यावर मी दार लोटलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"काका, पाडव्याला माझ्याकडे एकशे अठ्ठावीस होते. मी चुकून एकशे ब्याऐंशी सांगितलं."

ते खुर्चीत बसले. मफलर काढून मांडीवर ठेवला. "दीड वर्ष झालं. मोतीबिंदू. उजवा तर पिकलाय पार."

"मग ऑपरेशन करा ना!"

"त्याला महिन्याची रजा लागते, मग डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनातच गेला. तसं झालं की अनफिट! महिन्यात क्वार्टर खाली करा. गुडघ्यानं बसलेली बायको आणि बारावीची पोर घेऊन कुठं जाऊ रे? चार महिने. फक्त चार महिने. चैत्रात दोन्ही डोळे काढून घेतले तरी चालतील मला."

"आणि हनीफभाई?"

"ते तर तू बघितलंस ना."

"मी आज होतो म्हणून बघितलं, काका!"

 मग त्यांनी हात पुढं केला आणि चाचपडत माझं मनगट धरलं.  "प्रल्हादा, तुझी नोकरी मी राखली. माझी तू राख. कुणाला सांगू नकोस. वचन दे."

मी काय करणार होतो? दिलं वचन.

परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावत आलो. चारच महिने. परमिटं रोज थोडीच निघतात? आणि सोमवारी फोन आला, "आधी रीडिंग सांग." सांगितलं. मंगळवारी सांगितलं. बुधवारी सांगता सांगता मी विचारलं, "काका, आज परमिट होतं का?"

"दोन होती."

"पाती कुणी बघितली?"

"उघडली असणार की. आवाजावरून कळतं मला."

त्या रात्री मी झोपलो नाही, आणि ती रात्र ड्युटीची नव्हती, घरची होती. डोळे मिटले की शिडी चढणारा हनीफभाई दिसायचा. गुरुवारी, म्हणजे आमच्या रविवारी, मी आंघोळ करून नांदूरकर साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, "तोंडी नाही चालणार, इंगोले. लिहून द्या." मी लिहून दिलं. एवढी वाईट सही मी उभ्या जन्मात केली नाही.

सोळा डिसेंबरपासून काकांची ड्युटी बंद झाली. तपासणी झाली, अनफिटचा शिक्का बसला. लोक मला काय म्हणाले ते विचारू नका. मगरनं माझ्याशी बोलणं टाकलं. जाता जाता एवढंच म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस तू." जोशींनी मान खाली घातली. आणि रात्री, दर तासाला, फोन गप्प असायचा. मी रीडिंग घ्यायचो, लिहायचो आणि फोनकडं बघत बसायचो. झोप मात्र आली नाही, एकदाही नाही.

जानेवारीत माझी ऑर्डर निघाली. बदली गोंदाळ्याला, धांडेंच्या रिकाम्या जागेवर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! त्यांची खुर्ची मला, त्यांचं क्वार्टर मला. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत ताबा घ्या. मी ताब्याच्या कागदावर सही केली, ऑफिसातली जादा किल्ली खिशात घातली आणि हनीफभाईच्या पडवीत खाट टाकली. काकू आणि मालू क्वार्टरमध्येच होत्या, त्यांना उठवलं नाही. हनीफभाईनं काही विचारलं नाही. त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या चार पोरी मला 'लाइटवाले चाचा' म्हणायच्या.

एकदाच काकूंना सांगायला गेलो की मार्चपर्यंत राहा, मला घर नको. त्या दारातच उभ्या राहिल्या. "आधी चूल विझवायची आणि मग काडेपेटी घेऊन यायचं," एवढं बोलून दार लावून घेतलं. बरोबर होतं त्यांचं. काका जिल्ह्याच्या गावी ऑपरेशनला गेलेले होते. दोन महिने माझ्या नजरेस पडले नाहीत.

सत्तावीस मार्चला, रविवारी, मालूचा शेवटचा पेपर होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी माझी ड्युटी होती. क्वार्टरपुढं टेम्पो लागला, गाद्या-पेट्या चढू लागल्या. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जायची छाती होत नव्हती. तेवढ्यात दार उघडलं आणि काका आत आले. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा.

मी उभा राहिलो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पॅनेलवरून, टेबलावरून, आणि शेवटी माझ्यावर.

"काका, मी वचन मोडलं."

"मोडलंस."

"मला माफ—"

"थांब. आधी माझं ऐक. गावात सगळे म्हणतात, शेषरावनं नंतर आपणहून सांगितलंच असतं, पोरानं उगीच घाई केली. तुझी काकूपण तेच सांगत फिरते. तुलाही तसंच वाटतं का?"

"वाटतं, काका. रोज वाटतं. आणखी चार दिवस थांबलो असतो तर..."

"नको वाटून घेऊ." ते जवळ आले. "खोटं कशाला बोलू, मी नसतं सांगितलं. एकतीस मार्चपर्यंत रेटलं असतं. आणि हनीफ वर चिकटून मेला असता ना, तर विजेला दया नसते असं म्हणत त्याच्या मयतीला गेलो असतो, खांदा दिला असता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इथं येऊन बसलो असतो. महिनाभर डोळ्यांना पट्टी होती. पट्टीखाली दुसरं काही दिसलंच नाही मला."

मला रडू आवरेना. पालथ्या हातानं तोंड पुसत मी लहान पोरासारखा रडलो.

"इकडं ये. उजेडात ये जरा."

मी खिडकीपाशी गेलो. काकांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडं वळवलं. त्या जाड भिंगांमागचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून सावकाश फिरले, कपाळ, नाक, विरळ मिशी. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी त्यांच्यापुढं दोन तास बसलो होतो, पण मला ते आज पहिल्यांदा बघत होते.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले, "एवढंसं तर पोरगं आहेस तू. आणि एवढ्याशा पोराच्या गळ्यात मी काय बांधत होतो रे!"

त्यांचेही डोळे भरले. चष्मा काढून ते मफलरच्या टोकानं पुसत राहिले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, काकूंनी हाक मारली. काकांनी चष्मा घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराकडं निघाले. मी पटकन पुढं झालो, हात धरायला.

"राहू दे," ते म्हणाले. "दिसतंय मला."

सबस्टेशनच्या पुढं चार पायऱ्या होत्या. त्या ते एकटेच उतरले, टेम्पोपर्यंत चालत गेले, आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसले.